शब्दचर्चा: मंद, खुजा आणि सहचर

पाटीपेन्सिल
एप्सिलॉन इंडी या ताऱ्यावर लेख लिहितेय. पहिलंच वाक्य असं झालंय: ‘हा एक मंद नारिंगी खुजा तारा असून त्याला तीन सहचर आहेत.’ आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, “मंद म्हणजे हळू फिरणारा का?” मंद, खुजा, सहचर या तिन्ही शब्दांवर मतं हवीत.

सागरगोटा
आईंची शंका रास्त आहे. मंद हा शब्द गतीला, बुद्धीला, जठराग्नीला लागतो, आणि ज्योतिषात मंद म्हणजे चक्क शनी. ‘मंद तेजाचा’ लिहिलं की प्रश्न मिटतो. ‘निस्तेज’ मात्र नको, तो आजारी माणसाचा चेहरा झाला.

दुर्बीणवाला
मंद, पण कुणाच्या मानाने? सूर्याच्या साधारण एक पंचमांश तेज, वस्तुमान पाऊण पट, पृष्ठभाग ४,६०० केल्विनच्या आसपास, म्हणून नारिंगी. अंतर जेमतेम १२ प्रकाशवर्षं असल्यामुळे नुसत्या डोळ्यांनीही दिसतो, प्रत (तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा फिका) ४.७. ऑक्टोबरअखेर रात्री आठच्या सुमाराला मालवणच्या किनाऱ्यावरून दक्षिणेला बघा. आधी बक तारकासमूहातला ठळक अल्नायर शोधायचा, मग हात लांब करून धरलेल्या मुठीएवढं खाली यायचं. तिथे तो क्षितिजापासून १७ अंशांवर असतो. आकाश स्वच्छ हवं. आणि नारिंगी रंगावर पैज लावू नका, इतक्या खाली सगळेच तारे तांबूस दिसतात.

‘खुजा’ला माझा विरोध आहे. गाभ्यात हायड्रोजन जाळणारे सूर्यासारखे तारे या वर्गीकरणात ‘बटू’च; आपला सूर्यही. ‘खुजा’ म्हटलं की काहीतरी व्यंग असल्यासारखं वाटतं.

कानामात्रा
बटू म्हणजे मुंजीतला मुलगा ना? :)

दुर्बीणवाला
असू दे की. श्वेत बटू रुळलाय, त्याच्या शेजारी नारिंगी बटूही खपेल.

सागरगोटा
‘सहचर’वर मात्र थांबायला हवं. ‘साथीदार’ लिहिलं तर पोलीस बातमी होते, ‘चोरट्यासह दोन साथीदार जेरबंद’. ‘सोबती’ गोड आहे, पण बालगीतातला. सहचर त्यातल्या त्यात बरा. तरी माझा सवाल वेगळाच आहे: हे तिघं एका जातीचे आहेत का?

दुर्बीणवाला
नाहीत, हाच तर मुद्दा! एक आहे ग्रह, गुरूच्या सहापट वस्तुमानाचा. जेम्स वेब दुर्बिणीने मधल्या ताऱ्याचा प्रकाश झाकून त्याचं थेट छायाचित्र घेतलं, ते २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. आधीच्या मोजमापांवरून ग्रह असावा हे कळलं होतं, पण सापडला तो अंदाजापेक्षा जड. तापमान जवळपास २ अंश सेल्सिअस. थेट छायाचित्र मिळालेल्या परग्रहांत इतका थंड विरळाच, बहुतेक सगळे तरुण आणि तापलेले असतात.

उरलेले दोघं तपकिरी बटू, २००३ मध्ये सापडलेले. वस्तुमान गुरूच्या अंदाजे ६७ आणि ५३ पट. हायड्रोजन पेटता ठेवायला गुरूच्या ७५-८० पट तरी लागतं, त्यामुळे ते तारे होता होता राहिले. ते एकमेकांभोवती ११ वर्षांत फेरी मारतात, आणि ही जोडी मुख्य ताऱ्यापासून किमान १,४६० खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) लांब आहे. प्रकाशालाच तिथे पोचायला आठ दिवसांहून जास्त लागतात.

सागरगोटा
मग ‘तीन सहचर’ ही मोळी सोडा. पाहुण्यांची ओळख करून देताना ‘हे तीन नातेवाईक’ म्हणून आपण थांबतो का? काका कोण, भाचा कोण, सांगतोच. ग्रहाला ग्रह म्हणा, तपकिरी बटूंना जोडी म्हणा. सहचर हा शब्द नेमकं काय सापडलंय हे कळेपर्यंतच ठेवा. आणि त्या जोडीला ‘जोडतारा’ही म्हणू नका, दोघांपैकी एकही तारा नाही.

पाटीपेन्सिल
पटलं. आणि तारकासमूहाचं नाव? ‘सिंधू’ असं वाचलंय.

कानामात्रा
मला ते खटकतं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस डच खलाशांच्या निरीक्षणांवरून हा समूह आखला गेला, आणि १६०३ च्या, बायर या जर्मन नकाशाकाराच्या तारानकाशात तिथे हातात बाण घेतलेला माणूस आहे. नदीबिदी काही नाही. ‘इंडस’च ठेवा.

पाटीपेन्सिल
बघा आता: ‘इंडस तारकासमूहातला हा नारिंगी बटू सूर्यापेक्षा बराच मंद तेजाचा आहे. एक थंडगार महाकाय ग्रह त्याच्याभोवती फिरतो, आणि खूप दूरवर तपकिरी बटूंची एक जोडीही.’

सागरगोटा
छान. फक्त ‘थंडगार’ काढा, ते ताकाला लावतात. नुसतं ‘थंड’.