पावडर इनहेलर ओढायला इतका जोर का लागतो? भोकं मोठी केली तर?

रेघोटी
नमस्कार मंडळी, मी प्रॉडक्ट डिझाईनच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्टला कॅप्सूलवाला पावडर इनहेलर घेतलाय. आईला सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट, दम लागणारा आजार) आहे, ती गेली काही वर्षं हाच वापरते आणि रोज सकाळी तिला ओढताना बघवत नाही, गाल पार आत जातात, मानेच्या शिरा ताणतात, आणि इतकं करून नंतर कॅप्सूल उघडली तर आत थोडी पावडर राहिलेलीच असते. काल एक नवी कॅप्सूल काळ्या कागदावर उघडून बघितली. तळाशी जेमतेम पांढरा थर, अर्ध्या नखावर मावेल एवढा. पत्रकात औषध १८ मायक्रोग्रॅम आणि लॅक्टोज (दुधातली साखर) साधारण साडेपाच मिलिग्रॅम असं आहे, म्हणजे औषधाच्या तीनशेपट साखर!

तर एक म्हणजे एवढी साखर कशाला, आणि खरा प्रश्न हा की हवा आत यायची वाट मोठी केली तर ओढायला सोपं नाही का जाणार? माझं पहिलं स्केच तेच आहे. इतकी साधी गोष्ट कोणाला सुचली नसेल असं वाटत नाही, म्हणून विचारतेय.

कणकण
मी पावडर फॉर्म्युलेशनमध्येच काम करतो त्यामुळे साखरेचं मी सांगतो, हवेचं दुसरं कोणीतरी सांगेल.

फुफ्फुसात खोल जायला कण साधारण १ ते ५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लागतो. त्याहून मोठा असेल तर घशाच्या वळणावर वळू शकत नाही, सरळ जाऊन मागे आपटतो आणि गिळला जातो. फारच बारीक असेल तर बराचसा उच्छ्वासाबरोबर बाहेर येतो. म्हणून औषध जेट मिलमध्ये, म्हणजे हवेच्या झोताने दळणाऱ्या गिरणीत, दळतात. पण इतकं बारीक झालं की कणाचं वजन नगण्य होतं आणि चिकटपणा राज्य करतो. कोरडी वाळू मुठीतून गळून जाते आणि खडूची भुकटी बोटाला चिकटून बसते, तोच प्रकार. नुसतं औषध ठेवलं तर गुठळ्या होतात, आणि १८ मायक्रोग्रॅम इतकं कमी आहे की ते एकटं मोजून कॅप्सूलमध्ये भरणं मशीनला जमत नाही. म्हणून लॅक्टोजचे मोठे कण घ्यायचे, ५०-१०० मायक्रॉन किंवा त्याच्याही वरचे, आणि औषध त्यांच्या अंगावर बसवायचं. मग ती पावडर वाहते, भरता येते, प्रत्येक कॅप्सूलमध्ये सारखी पडते.

खरी गंमत पुढे आहे. औषध लॅक्टोजला इतकं घट्ट चिकटायला हवं की मिक्सिंग, भरणं, महिनोन्महिने डबीत पडून राहणं यात सुटू नये, आणि इतकं सैल की आईच्या एका श्वासात, सेकंदभरात सुटावं. माझी निम्मी नोकरी या एका वाक्यात आहे. लॅक्टोजचा पृष्ठभाग खडबडीत असेल तर औषध खाचांत अडकून बसतं, म्हणून कधी बारीक लॅक्टोज मुद्दाम घालतात, कधी किंचित मॅग्नेशियम स्टिअरेट, म्हणजे चिकटपणा कमी करणारी भुकटी. आणि हवेतला ओलावा लागला की सगळं मुसळ केरात, कणांमध्ये पाण्याची सूक्ष्म फिल्म तयार होते आणि ते सुटतच नाहीत. आईला सांग यंत्रात फुंकायचं नाही आणि कॅप्सूल वापरायच्या वेळीच पाकिटातून काढायची.

गोड चव लागते ती लॅक्टोजची, तो मोठा असल्यामुळे तोंडात-घशातच राहतो. त्यावरून औषध पोचलं की नाही ते कळत नाही. जुन्या कॅप्सूल यंत्रांत डोसचा दहावा ते पाचवा हिस्साच फुफ्फुसात जायचा.

वातकुक्कुट
हवेचं मी सांगतो, फ्लुइड मेकॅनिक्स हा माझा विषय.

भोकं मोठी करू नकोस. निदान त्या कारणासाठी तरी नको. या यंत्रात ना बॅटरी असते ना गॅस, इंजिन म्हणजे फक्त पेशंटची छाती. वर कणकण यांनी सांगितलेली चिकटलेली जोडी तोडायला जी ताकद लागते ती सगळी त्या श्वासातूनच यायची. अरुंद वाटेतून हवा जाते तेव्हा तिचा वेग वाढतो, ती घुसळते, कॅप्सूल हलवते, कण एकमेकांवर आणि भिंतीवर आपटतात आणि औषध सुटतं. म्हणजे ओढताना जो अडथळा जाणवतो तिथेच काम होतंय. वाट रुंद केलीस तर तेवढ्याच जोरात जास्त हवा येईल पण आतला मारा कमी होईल, पावडर गुठळीतच बाहेर पडेल. वर आणखी एक तोटा, घशातून हवा जास्त वेगाने जाईल आणि जास्त कण तिथेच आपटतील. दोन्हीकडून नुकसान.

लॅबमध्ये ही यंत्रं सहसा ४ किलोपास्कल दाबाच्या फरकाला तपासतात. त्या एकाच जोराला लो-रेझिस्टन्स (कमी अडथळ्याच्या) यंत्रातून मिनिटाला १०० लिटरच्या आसपास हवा जाते आणि हाय-रेझिस्टन्सवाल्यातून (जास्त अडथळ्याच्या) ४० लिटरपेक्षाही कमी. बाहेरून वाटतं पहिलं चांगलं, पण दुसरं ती ताकद पावडर फोडायला वापरतं, त्यामुळे मिनिटाला २०-३० लिटरच्या हळू श्वासालाही काही यंत्रं व्यवस्थित चालतात. अशक्त छातीसाठी हाय-रेझिस्टन्स ही उलट सोय असू शकते, हे पचायला मलाही वेळ लागला होता.

इतिहासात रस असेल तर रॉजर अल्टून्यान यांच्याबद्दल वाच. स्वतः डॉक्टर, स्वतःला दमा, दुसऱ्या महायुद्धात वैमानिक. औषधांच्या चाचण्या स्वतःवर करायचे आणि त्यांनी काढलेल्या स्पिनहेलर या पावडर इनहेलरमध्ये कॅप्सूल एका छोट्या पंख्यावर बसायची, विमानाच्या प्रोपेलरसारखी, श्वास ओढला की गरगर फिरून पावडर बाहेर फेकायची. त्यातली कॅप्सूल २० मिलिग्रॅमची होती. तुझ्या १८ मायक्रोग्रॅमशी तुलना कर म्हणजे काम किती नाजूक झालंय ते कळेल.

श्वासताई
मी रेस्पिरेटरी फिजिओ आहे. वरचं सगळं बरोबरच आहे पण रेघोटी, मला तुझ्या पहिल्या परिच्छेदातले आईचे गाल दिसतायत. गाल आत जातायत म्हणजे ती छातीने नाही, तोंडाने ओढतेय, जाड काहीतरी स्ट्रॉने ओढावं तसं. त्यात दम खूप जातो आणि हवा कमी येते.

तू लिहिलेल्या आकड्यांवरून तिचं यंत्र हाय-रेझिस्टन्सचं वाटतंय. त्याला हिसका नको असतो. आधी यंत्र तोंडापासून लांब ठेवून श्वास पूर्ण सोडायचा, मग ओठ घट्ट मिटून हळू आणि खोल ओढायचं, इतपत जोराने की कॅप्सूल आत खडखडलेली ऐकू येईल. खडखड आली की जोर पुरेसा आहे. मग जमेल तेवढा वेळ श्वास धरायचा, आणि त्याच कॅप्सूलमधून परत एकदा ओढायचं. हा दुसरा श्वास निम्मे लोक विसरतात! कॅप्सूलमध्ये किंचित पावडर उरणं नॉर्मल आहे. लो-रेझिस्टन्सच्या यंत्राला मात्र सुरुवातीपासून जोरात ओढावं लागतं, आणि दोन वेगळी यंत्रं असली की लोक दोन्हीला एकच पद्धत लावतात. एका यंत्राची कॅप्सूल दुसऱ्यात घालणारेही मी बघितलेत, तसं कधीही करू नका, ती पावडर त्याच यंत्राच्या हवेसाठी बनवलेली असते. कॅप्सूल गिळणारेही असतात, २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएला (तिथली औषध नियामक संस्था) त्यावर जाहीर सूचना काढावी लागली होती.

पुढच्या भेटीत इन-चेक डायल या छोट्या उपकरणावर तिचा ओढण्याचा फ्लो (हवेचा वेग) मोजून घ्या, त्यावर वेगवेगळ्या यंत्रांचा रेझिस्टन्स लावून बघता येतो. कमी पडत असेल तर डॉक्टर दुसरं यंत्र देतील. आणि प्लीज, तिच्या चालू यंत्राला हात लावू नकोस.

रेघोटी
ताई, काय लिहू. आज सकाळी आईला तुमचं वाचून दाखवलं आणि मी शेजारी कान लावून बसले. पहिल्यांदा सवयीने हिसका दिला, गाल आत, आवाज काहीच नाही. दुसऱ्यांदा खांदे सैल सोडून सावकाश ओढलं आणि आतून खर्रर्र असा बारीक आवाज आला, तिने डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं हा आवाज यायला हवा हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि टीव्ही चालू असतो त्यामुळे आला असला तरी ऐकू आला नसता. पुढच्या आठवड्यात फ्लो मोजायला घेऊन जातेय.

भोकांचं स्केच फाडलं. आता डोक्यात आहे की खडखड नीट कळावी, ऐकू कमी येणाऱ्यालाही, म्हणजे झाकण पारदर्शक करून कॅप्सूल हलताना दिसेल असं काहीतरी, किंवा शिट्टी. वातकुक्कुट दादा, चालेल का?

वातकुक्कुट
पारदर्शक झाकण बिनधास्त कर, फक्त यंत्र तोंडात असताना ते स्वतःला दिसणार नाही हे लक्षात घे, आरसा लागेल किंवा समोरच्याने बघायचं. शिट्टीला वेगळी हवेची वाट काढलीस की रेझिस्टन्स बदलला आणि औषधाचा डोसही बदलला, मग सगळ्या चाचण्या पहिल्यापासून. त्यापेक्षा थरथर बोटाला जाणवेल का ते बघ, कॅप्सूलची खोली जिथे आहे तिथली भिंत पातळ करून बोट तिथेच टेकेल अशी पकड दे. थ्रीडी प्रिंट काढलीस तर रिकाम्या कॅप्सूलवरच ट्राय कर, आणि मेणबत्तीसारखं गुळगुळीत प्लास्टिक स्टॅटिक (स्थिर वीज) फार धरतं, पावडर भिंतीलाच चिकटते, तेव्हा मटेरियलचं कणकण यांना विचारून घे.