'श्रावणमासी'च्या पहिल्या ओळीत मात्रा २९ की ३०?

रानपाखरू:
बालकवींच्या 'श्रावणमासी हर्ष मानसी'चं रसग्रहण लिहायचंय, वृत्त आणि यमकासकट. कालपासून बोटांवर मोजतेय पण पहिल्या ओळीत २९ मात्रा येतात नि दुसरीत ३०, अक्षरं मोजली तर २० आणि २२, तेही जुळेना. मग ही कविता वृत्तात आहे की नुसती चालीवर? प्लीज सांगा कुणीतरी, लहानपणापासून आवडती कविता आहे माझी.

लघुगुरू:
'हर्ष'मध्ये चुकलंय बघा. जोडाक्षराचा आघात आधीच्या अक्षरावर येतो म्हणून तो ह गुरू, म्हणजे लांब उच्चाराचा, त्याच्या दोन मात्रा धरा (लघू म्हणजे आखूड अक्षराची एकच), झाल्या ३०. अक्षरं जुळणारच नाहीत कारण हे अक्षरगणवृत्त नाही, त्यात अक्षरांची संख्या आणि लघू-गुरूंचा क्रम ठरलेला असतो; हे मात्रावृत्त आहे, म्हणजे जाती, इथे फक्त मात्रा जुळतात. तोडून म्हणा: श्रावणमासी / हर्ष मानसी / हिरवळ दाटे / चोहिकडे. ८-८-८-६. शेवटी दोन मात्रांची जागा रिकामी राहते, तिथे आपोआप थांबतो आपण. आणि 'चोहिकडे'तला हि ऱ्हस्वच ठेवा हं, नेहमीसारखं 'चोहीकडे' लिहिलंत की एक मात्रा वाढली.

तळ्याकाठी:
यमक सोपंय, दोन-दोन ओळींचं, चोहिकडे–ऊन पडे, विणलासे–भासे. शिवाय मासी–मानसी हे ओळीच्या आतलं. पण २० आणि २२ चा फरक सोडू नका, मला तर तीच सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते! पहिल्या ओळीत १० गुरू १० लघू, दुसरीत गुरू फक्त ८ आणि लघू १४. 'क्षणात येते सरसर शिरवे' म्हणताना जीभ कशी पळते बघा, मात्रा तेवढ्याच पण सर आल्यासारखं वाटतं.

रानपाखरू:
अरे वा, जमलं की! पण आता 'झालासा सूर्यास्त वाटतो' इथे अडले, आठव्या मात्रेवर 'सूर्यास्त' मधेच तुटतोय, सू इकडे नि र्यास्त तिकडे.

लघुगुरू:
तुटू दे, मात्रा भरतात ना, मग वृत्तदोष वगैरे लिहू नका. त्यापेक्षा पुढचं बघा, 'सांज अहाहा! तो उघडे', इथला 'तो' म्हणजे इतक्यात. सूर्य मावळला असं वाटतंय तोवर उघडलं, आणि लगेच खालच्या ओळीत झाडांच्या शेंड्यांवर, उंच घरांवर 'पिवळे पिवळे ऊन पडे'. दुसऱ्या ओळीच्या शेवटी आलेलं तेच 'ऊन पडे' इथे यमकात परत आलंय, हे नक्की लिहा.