लॉगिनच्या फंक्शनमधून त्रुटीसंदेश परत कसा पाठवावा?

प्रश्न
नमस्कार. पीएचपी या वेब-प्रोग्रामिंग भाषेत लॉगिनसाठी वेगळे फंक्शन (नाव देऊन बोलावता येणारा कोडचा तुकडा) लिहिले आहे. माहिती जुळली तर ते ट्रू ('खरे' हे मूल्य) परत करते, नाहीतर 'पासवर्ड चुकीचा आहे' ही स्ट्रिंग, म्हणजे मजकूर. मुख्य पानावर इफच्या ('जर'च्या) अटीत ते बोलावले आहे, परंतु पासवर्ड काहीही टाकला तरी आतले पान उघडते. संदेश फंक्शनमध्येच इको करून (छापून) पाहिला, तर लॉगिनच्या पानावर परत नेणारी हेडरची (पानाच्या मजकुराआधी ब्राउझरला जाणाऱ्या सूचनेची) ओळ 'हेडर आधीच पाठवले गेले आहेत' अशी तक्रार करते. योग्य पद्धत कोणती?

प्रतिसाद १
पीएचपीमध्ये रिकामी स्ट्रिंग आणि केवळ '0' एवढीच स्ट्रिंग अटीत खोटी ठरते. बाकी प्रत्येक स्ट्रिंग, तिच्यात नकार का लिहिलेला असेना, खरी धरली जाते. म्हणजे तुमचा त्रुटीसंदेशच दार उघडून देत आहे. तीन बरोबरच्या खुणांनी ट्रूशी तुलना केल्यास अडचण सुटेल, पण पुढे कोणी त्यातली एक खूण गाळली की पुन्हा तेच. संदेश ॲरेत (मूल्यांच्या यादीत) घालून पाठवला तरी भरलेली ॲरेही खरीच ठरते. त्यापेक्षा फंक्शनने वापरकर्त्याचा आयडी (क्रमांक) किंवा नल ('काहीच नाही' हे मूल्य) एवढेच परत करावे आणि पीएचपी 7.1 पासून उपलब्ध असलेला, नल चालणारा इंट (पूर्णांक) हा रिटर्न टाइप, म्हणजे परत येणाऱ्या मूल्याचा प्रकार, जाहीर करावा. मग चुकून असा संदेश परत केला गेलाच, तर टाइपएररने (प्रकार न जुळल्याच्या त्रुटीने) स्क्रिप्ट तिथेच थांबेल. संदेश छापणे हे पानाचे काम आहे.

प्रतिसाद २
सहमत. मुळात 'पासवर्ड चुकीचा आहे' असे सांगणे म्हणजे ते नाव नोंदलेले आहे, अशी कबुली देणे होय. 'नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे' हा एकच संदेश दोन्ही वेळी दाखवावा. नाव सापडले नाही तरी एखाद्या बनावट हॅशवर (पासवर्डच्या साठवलेल्या सांकेतिक रूपावर) पासवर्ड-व्हेरिफाय हे पासवर्ड तपासणारे फंक्शन चालवावे, कारण ती तपासणी मुद्दाम संथ ठेवलेली असते आणि ती टाळल्यास उत्तर लवकर आल्यावरूनच नाव नसल्याचे कळते. (नोंदणीचे पान 'हे नाव आधीच घेतले आहे' असे सांगत असेल, तर मात्र ही सारी दक्षता बऱ्याच अंशी वाया जाते.)

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पण खाते गोठवलेले असेल किंवा डेटाबेसच बंद असेल, तर नलवरून ते कसे ओळखावे?

प्रतिसाद १
डेटाबेस बंद असणे ही वापरकर्त्याची चूक नव्हे. तिथे एक्सेप्शन (नेहमीचा प्रवाह थांबवणारी त्रुटीची सूचना) फेकावे, तपशील सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) लिहावा आणि पानावर 'थोड्या वेळाने प्रयत्न करा' एवढेच दाखवावे. गोठवलेल्या खात्यासाठीही वेगळे एक्सेप्शन चालेल. मात्र ते पासवर्ड बरोबर ठरल्यानंतरच फेकावे.