भाच्याला रूममेट म्हणतायत "कॅनडात असायलम टाक", कोणाला कायदा माहितीये का?

ऐरोलीचा_मामा:
ताईचा मुलगा ब्रॅम्प्टनला आहे, २०२३ ला गेला, कॉलेज झालं, आता वर्क परमिट संपत आलंय आणि पीआरचे (कायम राहण्याच्या परवान्याचे) पॉइंट काही जुळत नाहीत. रूममेट म्हणतात असायलम टाक, म्हणजे आश्रयाचा अर्ज, निकाल लागेपर्यंत काम करता येतं, नाहीच जमलं तर बॉर्डर क्रॉस करून अमेरिकेत टाकू. कोपरखैरण्याचा एक एजंट तर म्हणतो छळाची स्टोरी पण आम्हीच लिहून देतो, पॅकेजमध्येच आहे!! ताईचा ठाण्यातला फ्लॅट लोनसाठी गहाण आहे, तिला झोप नाही.

पक्या_कळवा:
मामा पहिलं त्या एजंटचा नंबर ब्लॉक करायला सांगा.
असायलम म्हणजे व्हिसाची मुदतवाढ नाही. धर्म, वंश, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा एखाद्या सामाजिक गटातला म्हणून मायदेशी छळ होईल अशी खरी भीती दाखवावी लागते, पॉइंट कमी पडले हे कारण नाही होत. आणि भाच्याची वेळही गेलीये. जून २०२५ मध्ये कॅनडा सरकारने विधेयक आणलं, त्यात अट अशी की २४ जून २०२० नंतर आलेल्याने वर्षाच्या आत अर्ज केला नाही तर केस आश्रयाचा निकाल देणाऱ्या रेफ्युजी बोर्डाकडे जाणारच नाही, आणि ही अट ३ जून २०२५ पासूनच्या अर्जांना धरली. मग उरते फक्त परत पाठवण्याआधीची धोक्याची तपासणी, त्यावर किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीच बघा. अर्ज टाकला की पासपोर्ट जमा आणि सशर्त डिपार्चर ऑर्डर हातात, हे रूममेट सांगणार नाहीत.

घणसोली_नाका:
अमेरिकेचा प्लॅन तर डोक्यातूनच काढा. दोघा देशांचा सेफ थर्ड कंट्री करार २००४ पासून लागू आहे, ज्या देशात आधी पोचलात तिथेच आश्रय मागायचा. पूर्वी तो फक्त अधिकृत नाक्यांवर चालायचा म्हणून लोक अमेरिकेतून क्युबेकच्या रॉक्सहॅम रोडवरून चालत कॅनडात शिरायचे. २५ मार्च २०२३ पासून तो सगळ्या जमिनीच्या बॉर्डरला लागू केला, ओलांडल्यावर १४ दिवसांत अर्ज केलात तर परत पाठवतात. दोन्ही बाजूंना तेच.
आणि जानेवारी २०२२ आठवा, गुजरातच्या डिंगुचा गावचं कुटुंब कॅनडातल्या मॅनिटोबात इमर्सनजवळ अमेरिकेकडे चालत निघालेलं, आईबाप आणि दोन पोरं, धाकटं ३ वर्षांचं, सगळे बर्फात गोठून गेले. एजंटनेच पाठवलेलं.

ऐरोलीचा_मामा:
बापरे. पण न्यू जर्सीला त्याचा मावसभाऊ आहे, ग्रीनकार्डवाला, त्याचा काही उपयोग?

घणसोली_नाका:
नाही. करारात नातेवाइकांची सूट आहे पण आईबाप, सख्खी भावंडं, नवरा-बायको, मुलं, आजी-आजोबा, नातवंडं, काका-मामा-मावशी, भाचे-पुतणे इथपर्यंतच, मावसभाऊ त्यात बसत नाही. सख्खा मामा चालतो पण तो ऐरोलीत बसलाय 😄 आणि सूट मिळाली तरी छळ सिद्ध करायचा तो करायचाच.

वाशी_लोकल:
सगळे देश हेच करतायत. ब्रिटन आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला पाठवणार होतं, नोव्हेंबर २०२३ ला त्यांच्या सुप्रीम कोर्टाने बेकायदा ठरवलं, मग नवा कायदा केला, २०२४ ला सरकार बदललं आणि गुंडाळलं. अमेरिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये लोकांना विमानाने पनामाला नेऊन सोडलं, त्यात आपले भारतीयही होते, हॉटेलात कोंडलेले. आपल्याकडे तर १९५१ च्या निर्वासित करारावर सहीच नाही, म्हणून मला यात कोणाला शहाणपण शिकवायचं नाही.

पक्या_कळवा:
वाशी तुमचं बरोबर आहे पण मामाला उद्या काय करायचं ते सांगूया. भाच्याने कॅनडातल्या परवानाधारक वकिलाला किंवा कन्सल्टंटला फी देऊन एकदा भेटावं, कन्सल्टंटचं नाव त्यांना परवाना देणाऱ्या संस्थेच्या (तिलाही तिथे "कॉलेज"च म्हणतात) रजिस्टरवर ऑनलाइन तपासता येतं. परमिट संपायच्या आधी जे करायचं ते करायचं. आणि खोटी स्टोरी पकडली गेली तर पुढचे व्हिसेही अडकतात, एजंट तेव्हा फोन उचलत नाही.

ऐरोलीचा_मामा:
आज रात्री व्हिडिओ कॉल लावतो, ताईलाही बसवतो.