पहिली सभा घराजवळची असावी की दूरची?

भांडुपची ताई:
माझ्या धाकट्या भावाने अखेर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या ‘अनामिक’ संघटनेच्या, सभेला जाण्याची तयारी दाखवली आहे, आणि आता घरातला वाद दारूवरून नसून पत्त्यावरून चालू आहे. आमच्या चाळीपासून दहा मिनिटांवर, महापालिकेच्या शाळेतल्या एका वर्गात, संध्याकाळी मराठीतून सभा भरते. आईचे म्हणणे असे की तिथे कुणीतरी ओळखीचे पाहील, म्हणून त्याने दादरला जावे. मला हे अजिबात पटत नाही. ज्या चाळीतल्या मुलांनी त्याला रात्री जिन्यातून उचलून घरी आणले, त्याच चाळीपासून तो दारू सोडतो आहे ही गोष्ट लपवण्यात कोणती अब्रू वाचते? शिवाय त्याची प्यायची वेळ साडेसात-आठची, आणि दादरचा प्रवास नेमका त्याच वेळेत येतो. स्थानकाबाहेरचे बार कुठे आहेत, हे त्याला कुणाला विचारावे लागत नाही.

गिरणगावकर:
मी नऊ वर्षे सोबर आहे आणि ताईंशी पूर्णपणे असहमत आहे. जिन्यात पडलेल्या माणसाला चाळ ‘जरा जास्त झाली’ म्हणून सोडून देते, पण सभेला जाताना दिसलेला माणूस मात्र त्याच चाळीच्या लेखी कायमचा बेवडा ठरतो, आणि मग ते नाव नोकरीपर्यंत, बहिणीच्या स्थळापर्यंत पोहोचते. मी राहायला परळला, पण पहिले सहा महिने वांद्र्याला एका चर्चच्या सभागृहात जात होतो. सभा इंग्रजीत चाले आणि निम्मे शेअरिंग, म्हणजे सदस्यांनी सांगितलेले अनुभव, माझ्या डोक्यावरून जाई, तरी तिथे मला कुणी ओळखत नव्हते, म्हणूनच मी परत परत गेलो.

भांडुपची ताई:
अनामिकता हा तर या संघटनेच्या नावातलाच भाग आहे. तिथे आडनाव विचारत नाहीत, वर्गणी नाही, आणि सदस्यत्वाची अट एकच, ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. खोलीत ऐकलेले खोलीतच ठेवायचे, हेही तिथे सांगितले जाते. निम्मे समजत नसेल, तर माणूस मन कोणापुढे मोकळे करणार?

गिरणगावकर:
खोलीतले लोक बोलणार नाहीत, हे मान्य आहे. शाळेच्या फाटकासमोरचा पानवाला त्या खोलीत नसतो.

निवृत्त परिचारिका:
पत्त्याच्या आधी एक प्रश्न विचारते: भावाचा पहिला घोट सकाळी असतो का, आणि न मिळाल्यास हात थरथरतात का? तसे असेल तर सभेच्या उत्साहात एका दिवसात दारू बंद करणे धोक्याचे आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवल्यास झटके येऊ शकतात आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन प्रकरण जिवावर बेतू शकते. हे मी वॉर्डात पाहिलेले आहे. सभेत अनुभव मिळतो, औषध मिळत नाही. आधी केईएम किंवा नायर रुग्णालयाच्या मनोविकार विभागात दाखवा. व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक 14446 आहे.

तर्कनिष्ठ:
मला तर दोन्ही पत्ते नको आहेत. 1935 साली अमेरिकेत जन्मलेल्या या पद्धतीत दारू सोडण्यासाठी बारा पायऱ्या सांगतात, आणि त्यांतल्या निम्म्यांत ईश्वर किंवा आपल्याहून मोठी शक्ती येते. आजार म्हणायचे आणि इलाज शरणागतीचा सांगायचा, हे मला विसंगत वाटते. न मानणाऱ्याने तिथे बसून काय करावे?

निवृत्त परिचारिका:
शंका मलाही होती. पण वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2020 सालच्या आढाव्यात 27 अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक लोक तपासले गेले, आणि पूर्ण मद्यमुक्त राहण्याच्या बाबतीत सभांशी पद्धतशीरपणे जोडून देणारे बारा पायऱ्यांचे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. ते देवामुळे की सोबतीमुळे, यावर आपण खुशाल वाद घालावा.

गिरणगावकर:
मीही देव मानत नाही. माझी उच्चशक्ती म्हणजे माझा स्पॉन्सर, मला सांभाळून घेणारा सभेतला जुना सदस्य, जो रात्री दोन वाजताही फोन उचलतो. (त्याची बायको अर्थातच या व्याख्येशी सहमत नाही.) ताई, या सगळ्यात खुद्द भावाला कुणी विचारले का? आणि आईंना अल-ॲनॉनच्या सभेला न्या, ती घरच्यांसाठीच असते.

भांडुपची ताई:
विचारले नव्हते, हे कबूल करते. काल विचारले. हात सकाळी थरथरतात, हेही त्याने तेव्हाच सांगितले, त्यामुळे गुरुवारी रजा टाकून मी त्याच्याबरोबर रुग्णालयात जाते आहे. डॉक्टरांनी होकार दिल्यावर त्याला सभेसाठी भांडुप नको आहे आणि दादरही नको, त्याला मुलुंड हवे आहे. कारण विचारले तर म्हणाला की कामावरून येताना भांडुपला उतरलो की पाय आपोआप नेहमीच्या बारकडे वळतात, म्हणून गाडीतून उतरायचेच नाही, तसेच पुढे दोन स्थानके जायचे. तिथली पहिली सभा खुली आहे, म्हणजे घरच्यांनाही बसता येते. त्याने मला बोलावले आहे, आईला मात्र अजून सांगितलेले नाही.