सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग कशासाठी शिकायचं? माझं कारण सांगते, पटत नसेल तर खोडून काढा

धागाकर्ती:
पुढच्या वर्षी प्रवेश घ्यायचा आहे. शाखेचं नाव काढलं की समोरचा लगेच पॅकेजवर येतो. माझं कारण वेगळं आहे.

थेरॅक-२५ या रेडिएशन यंत्राबद्दल वाचलं तेव्हा झोप उडाली होती. १९८५ ते १९८७ या काळात किमान सहा रुग्णांना त्यातून ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट किरणोत्सर्ग मिळाला, काही दगावले. आधीच्या मॉडेलांत धोका दिसताच यंत्र अडवणारी हार्डवेअरची सोय होती. या मॉडेलात ती काढून सगळा भार सॉफ्टवेअरवर टाकला. ऑपरेटरने चुकलेली नोंद भराभर दुरुस्त केली, की स्क्रीनवर बरोबर दिसायचं आणि आतली मांडणी चुकीचीच राहायची. ऑपरेटरचा दोष काय? हात जलद चालत होता, एवढाच.

चालेल असा कोड लिहायला मी घरी शिकले. कुणाच्या जिवावर बेतणार नाही असा कोड कसा रचतात, ते मला शिकायचंय.

सेमिकोलन:
तळमळ पोचली, पण त्यासाठी डिग्री कशाला? लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं कर्नल, म्हणजे तिचा गाभा, लिहायला घेतलं, ते काही कुणी दिलेला गृहपाठ म्हणून नव्हे. ओपन सोर्समध्ये, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या प्रकल्पांत उतरा, पॅच (कोडमधली दुरुस्ती) पाठवा, जाणकार चिरफाड करतील. तिथं जे कळतं ते वर्गात कळत नाही. शिवाय आता कोड एआयसुद्धा लिहून देतं.

धागाकर्ती:
टोरवाल्ड्स तेव्हा विद्यापीठात शिकतच होते, म्हणजे उदाहरण माझ्याच बाजूचं झालं! आणि एआयने दिलेला कोड कुठे फसेल हे मला ओळखता आलं नाही, तर तो रुग्णालयात वापरा असं मी कुठल्या तोंडाने सांगू?

पहिलापगार:
पॅकेजला एवढं खाली का लेखताय? मी निव्वळ पैशासाठी आले, घराला गरज होती. गोडी नंतर लागली. आज माझ्या कामात कुणी खोट काढलेली नाही.

रात्रपाळी:
चौदा वर्षं याच कामात आहे. तुझं कारण खरं आहे, पण अर्धं आहे. ४ जून १९९६ ला आरियान ५ हे रॉकेट उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत फुटलं. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या छोट्या जागेत मावली नाही. तो कोड आरियान ४ मधून आणलेला, तिथं बिनतक्रार चालत होता. लिहिणारे अडाणी होते का? मुळीच नाही. नव्या रॉकेटचा आडवा वेग जुन्या गृहीतकात बसतो का, हे ताडून पाहिलं गेलं नाही. हा प्रश्न सुचायला अभ्यास लागतो, मान्य. पण तारीख तोंडावर आली असताना तो विचारायला टीममध्ये मोकळीक लागते, ती डिग्रीबरोबर मिळत नाही.

धागाकर्ती:
हे लागलं. माझा सगळा विचार मी एकटी काय करेन एवढ्यावरच होता. तुम्ही कधी विचारलात असा प्रश्न?

रात्रपाळी:
एकदा विचारला, रिलीज दोन आठवडे पुढे गेलं, बोलणी खाल्ली. पुढच्या वेळी गप्प बसलो. त्या रात्री ग्राहकांच्या खात्यांतून पैसे दोनदा कापले गेले, निस्तरायला तीन दिवस लागले. पैसे परत गेले. थेरॅकच्या रुग्णांसाठी तसं काही परत करता आलं नाही, म्हणून तुझा धागा वाचून लिहायला बसलो. प्रवेश घे. टेस्टिंग ऐच्छिक विषय असेल तर आधी तोच निवड.