होम लोनची आधी मंजुरी घ्यायला चार बँकांत अर्ज केले तर सिबिल किती पडतो?

पिंप्राळाकर
राम राम मंडळी. जळगावात पिंप्राळा भागात २ बीएचके बघतोय. किंमत ३४ लाख, कर्ज २७ लाख हवं. नोकरी जिल्हा परिषद शिक्षक. एनपीएस, प्रोफेशनल टॅक्स, आयकर वजा जाऊन पगार ६२,०००. त्यातून शिक्षक पतपेढीचा ६,५०० चा हप्ता परस्पर वळता होतो, खात्यात ५५,५०० येतात. मोटरसायकलचा हप्ता ४,२००, अजून ७ बाकी. सिबिल (हप्ते वेळेवर फेडतो का यावरून मिळणारे गुण) ७४२. क्रेडिट कार्ड एकच, लिमिट ६०,०००, महिन्याचं बिल ३५-४० हजार.

बिल्डर म्हणतो, आधी बँकेचं मंजुरीपत्र आणा, मग भावाचं बोलू. एजंट म्हणतो, चार-पाच बँकांत फाईल टाकू, जी जास्त देईल ती घेऊ. अमेरिकेतला भाचा सांगतो की ४५ दिवसांत कितीही बँका फिरलं तरी ती एकच चौकशी (बँकेनं आपला कर्जाचा अहवाल मागवल्याची नोंद) धरतात. हे आपल्याकडे लागू आहे का? आणि प्रत्येक अर्जाला स्कोअर खरंच पडतो का?

लोनडेस्क_भुसावळ
भाच्याचं खरं आहे, पण ते तिकडचं. तिथल्या फिको स्कोअरमध्ये घरकर्जासाठी ठरावीक दिवसांतल्या चौकशा एकच मोजतात. आवृत्ती जुनी असेल तर १४ दिवस, नवी असेल तर ४५. आपल्याकडे सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा कर्जाचे अहवाल ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत. यांपैकी कुणी अशी मुदत जाहीर केलेली नाही. म्हणून इथे पाच अर्ज म्हणजे पाच नोंदी, असंच धरून चाला.

आता "आधी मंजुरी" या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपतात. तुमच्याच बँकेच्या ॲपवर "प्री-अप्रूव्हड" म्हणून रक्कम दिसते, ती जाहिरात. बँकेनं तुमच्या खात्यावरून काढलेला अंदाज असतो तो, नुसता पाहिल्यानं काही होत नाही. दुसरी पात्रता तपासणी: पगार, वय, हप्ते टाकले की आकडा येतो. पॅन आणि ओटीपी मागितला नाही, तर तीही निरुपद्रवी. तिसरी खरी, म्हणजे तत्त्वतः मंजुरी. त्यासाठी फाईल लॉगिन होते, म्हणजे अर्ज बँकेत रीतसर दाखल होतो, बँक तुमच्या संमतीनं अहवाल ओढते आणि तुमच्या नावावर चौकशीची नोंद पडते. स्वतःचा स्कोअर स्वतः पाहिला तर गुण कापले जात नाहीत, रोज पाहिलात तरी.

एका चौकशीनं साधारण पाच-दहा गुण हलतात. सूत्र कंपन्या सांगत नाहीत. जुनी, व्यवस्थित फेडलेली खाती असतील तर कमी हलतो. एकच कार्ड आणि एकच गाडीचं कर्ज असेल तर जास्त. तुमचं दुसऱ्या प्रकारात येतं.

गुणांपेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. अहवालाच्या शेवटी चौकशांचा तक्ता असतो. प्रत्येक ओळीत संस्था, तारीख, उद्देश, रक्कम. तुमच्या स्वतःच्या प्रतीत संस्थेचं नाव दिसतं. बँकेच्या हातात जी प्रत येते तिच्यात दुसऱ्या संस्थेचं नाव झाकलेलं असतं, बाकी सगळं उघडं. म्हणजे चौथ्या बँकेच्या साहेबाला असं दिसतं: ३ तारीख, हाउसिंग लोन, २७ लाख. ५ तारीख, हाउसिंग लोन, २७ लाख. ९ तारीख, तेच, फक्त २५ लाख. आणि वर खात्यांच्या यादीत नवं कर्ज एकही नाही. तो अर्थ काढतो की तिघांनी नाकारलं, आणि माणूस रक्कम खाली आणत फिरतोय. मग तो लेखी खुलासा मागतो, किंवा फाईल बाजूला ठेवतो.

आकडेमोड_धुळे
वरचं बरोबर, पण तुमचा घोटाळा सिबिलमध्ये नाहीच, पतपेढीत आहे.

बँक साधारण निम्म्या पगारापर्यंत सगळे हप्ते मिळून चालवून घेते. काही ५५-६० टक्क्यांपर्यंत जातात, पण हिशोब निम्म्यावरच करा. ६२,००० चे निम्मे ३१,०००. पतपेढीचे ६,५०० आणि गाडीचे ४,२०० गेले की उरले २०,३००. साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं, म्हणजे लाखाला ८६८ रुपये हप्ता. २०,३०० भागिले ८६८, कर्ज येतं २३ लाख ३८ हजार. तुम्हाला हवेत २७. पहिली बँक तेवीसचं पत्र देणार, तुम्ही दुसरीकडे पळणार, ती साडेतेवीस म्हणणार. अशा रीतीनं चार-पाच चौकशा होतात. एजंटाला त्यात काय, त्याची एक फाईल कुठेतरी लागली म्हणजे झालं.

"पतपेढीचं कर्ज सिबिलवर दिसत नाही, सांगू नका" असा सल्ला मिळेल. पगारपत्रकात कपातीच्या रकान्यात ते छापलेलं असतं हो! बँक सगळ्यात आधी तेच बघते.

मोटरसायकलचे ७ हप्ते म्हणजे २९,४०० रुपये. ते आधीच भरून टाका. मग उरतात २४,५००, आणि कर्ज जातं २८ लाख २० हजारांवर. तुमचं काम एका बँकेत होतं. काही बँका थोडेच हप्ते उरले असतील तर ते मोजत नाहीत, पण त्यावर विसंबू नका. गाडी फिटली की फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र घ्या. आरसी बुकावरचा बोजा नंतर उतरवला तरी चालेल, पण विसरू नका, लोक पाच-पाच वर्षं विसरतात.

मुदत २५ वर्षं केली तर लाखाला ८०५ रुपये पडतात. गाडी तशीच ठेवून त्यानं २५ लाख २० हजारच होतात. शिवाय निवृत्तीचं वय आड येतं. तो मार्ग नको.

केळीपट्टा
रावेर-यावलकडच्यांसाठी एक भर. शेतीच्या उत्पन्नासाठी वडिलांना सहकर्जदार घेणार असाल तर त्यांचाही अहवाल ओढला जातो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. किसान क्रेडिट कार्डाचं नवं-जुनं (जुनं कर्ज भरून नवं उचलणं) मार्चअखेर राहून गेलं असेल तर तिथे थकबाकीचे दिवस चढलेले असतात. पैसे नंतर भरले तरी त्या महिन्याचा आकडा पुसला जात नाही. तसंच जामिनाचं. कुणाच्या ट्रॅक्टरला जामीन राहिलेले असाल तर ते खातं तुमच्या अहवालात "गॅरंटर" म्हणून येतं, आणि तिकडचा थकीत हप्ता इकडे तुमच्या माथी. कर्जमाफीत बसलेलं जुनं पीककर्ज कसं दाखवलंय तेही पाहा: "क्लोज्ड" की "सेटल्ड". "सेटल्ड" म्हणजे पूर्ण न भरता तडजोडीनं मिटवलेलं, तो शब्द दिसला की बँक थबकते.

चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. घरातल्या प्रत्येक सहकर्जदाराचा आधी काढा, मग बँकेची पायरी चढा.

लोनडेस्क_भुसावळ
केळीपट्टा, पटलं. धुळेकरांचा हिशोबही चोख आहे. फक्त ७४२ वर दोन शब्द. बऱ्याच बँकांचे व्याजदर स्कोअरच्या टप्प्यांवर ठरतात आणि ७५० हा नेहमीचा उंबरठा. पाव टक्क्याचा फरक पडला तरी २७ लाखांवर, २० वर्षांच्या मुदतीत, महिन्याला ४२९ रुपये जास्त. एकूण एक लाखाच्या वर. तुम्ही उंबरठ्याच्या आठ गुण खाली आहात, आणि कार्ड ६० टक्के वापरताय, खाली राहण्याचं कारण बहुतेक तेच.

कार्डाचं बिल वेळेवर भरता, तरी बँक कळवते तो बिलावरचा आकडा. म्हणून बिल निघायच्या दोन दिवस आधीच पैसे भरा, बिल दहा-बारा हजारांचंच निघू द्या. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना महिन्यातून निदान दोनदा, त्यात महिनाअखेरीचीही, माहिती पाठवावी लागते, आणि त्यासाठी काही दिवस मिळतात. म्हणजे १८ ला बिल निघत असेल तर १६ ला भरा, आणि पुढच्या महिन्याच्या १० तारखेनंतर स्कोअर पाहा. दोन बिलं असं केलं की मग लॉगिन. कार्ड बंद मात्र करू नका, लिमिट गेली की टक्केवारी आणखी वाढते.

चाळीसगाव_जंक्शन
मी थोडा वेगळ्या मताचा. एकच बँक, एकच अर्ज हे सुद्धा भाबडेपणाचं. हातात दुसऱ्याचं पत्र असल्याशिवाय कुठलीही बँक दर उतरवत नाही. दोन अर्ज, आठवड्याच्या आत, दोन्हीकडे रक्कम तीच ठेवून, यात काही बिघडत नाही. जवळच्या तारखांच्या दोन सारख्या नोंदी पाहून अनुभवी अधिकारी समजतो की हा दर विचारतोय. घात होतो तो मिश्र नोंदींनी. होम लोन, मग पंधरा दिवसांनी पर्सनल लोन, मग मोबाईल हप्त्यावर. हप्त्यावर घेतलेला वीस हजारांचा मोबाईलसुद्धा कंझ्युमर लोन म्हणून चौकशीत आणि खात्यात येतो. मंजुरीपत्र आलं म्हणजे झालं, असं समजून लोक फ्रिज-टीव्ही उचलतात, आणि कर्जाचा चेक निघायच्या आधी बँक पुन्हा अहवाल ओढते.

दोनपैकी एक पगाराच्या खात्याची बँक धरा. तिच्याकडे सहा महिन्यांचं स्टेटमेंट आधीच असतं, कागद कमी लागतात. आणि लॉगिन फी विचारून घ्या. काही ठिकाणी नाकारली तरी परत मिळत नाही.

पिंप्राळाकर
धन्यवाद सगळ्यांना. पतपेढीचं डोक्यातच नव्हतं. अजून दोन शंका. एजंटानं पॅन-आधारची झेरॉक्स घेतली आहे आणि "फक्त पात्रता बघतो" म्हणून ओटीपी मागतोय. देऊ का? आणि हे मंजुरीपत्र बिल्डरला दाखवून टोकन (बुकिंगची रक्कम) दिलं, तर कर्ज पक्कं समजायचं का?

लोनडेस्क_भुसावळ
ओटीपी देऊ नका. ओटीपी म्हणजे तुमची सही. मेसेज शेवटपर्यंत वाचा. "क्रेडिट इन्फर्मेशन मिळवण्यास संमती" अशा अर्थाचं वाक्य त्यात किंवा फॉर्मच्या टिकमार्कजवळ बारीक अक्षरात असतं. इथून पुढे झेरॉक्सवर आडवं लिहा: "फक्त अमुक बँकेच्या गृहकर्ज अर्जासाठी", खाली तारीख, आणि सही अशी करा की ती छापील मजकुरावरून जाईल. प्रॉपर्टी प्रदर्शनातल्या "मोफत सिबिल" टेबलावरही हेच पथ्य.

मोबाईल नंबर आणि ईमेल चारही कंपन्यांकडे बरोबर नोंदवलेला आहे का ते पाहा. तुमचा अहवाल कुणी ओढला की एसएमएस किंवा ईमेल यायला हवा. तुम्ही न केलेली चौकशी दिसली, तर त्या कंपनीच्या साइटवर वाद नोंदवा. कंपनी स्वतःहून काही खोडत नाही, ज्या संस्थेनं नोंद टाकली तिला विचारते. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, तक्रार ऑनलाइन होते.

आकडेमोड_धुळे
टोकनबद्दल. तत्त्वतः मंजुरी तुमच्या पगाराला मिळते, फ्लॅटला नाही. फ्लॅटचं लीगल आणि टेक्निकल नंतर होतं. वकील जुने खरेदीखत, बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा बघतो. इंजिनिअर मूल्यांकन करतो. बँकेच्या मूल्यांकनात फ्लॅट ३१ लाखांचा भरला तर ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्के ही रिझर्व्ह बँकेची कमाल मर्यादा झाली, पण प्रत्यक्षात बँक ८० टक्केच देते म्हणाली तर २४ लाख ८० हजारांवर थांबाल. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे ३०,००० या मोजणीत धरत नाहीत, ते खिशातूनच. घरातल्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे, ३४ लाखांवर ३४,००० वाचतात.

म्हणून टोकनच्या पावतीवर एक ओळ लिहून घ्या: "बँकेच्या लीगल-टेक्निकलमध्ये नामंजुरी आल्यास टोकन पूर्ण परत." बिल्डर सही करायला टाळाटाळ करत असेल तर त्याच्या कागदांत काहीतरी आहे. आणि पत्राची मुदत पाहून घ्या. बहुतेक तीन ते सहा महिने असते, ती संपली की नवा अहवाल, नवी चौकशी. गाडी फेडून, कार्डाची दोन बिलं उतरवून मगच पत्राची तारीख पाडा, नाहीतर मुदत बिल्डरच्या चकरा मारण्यातच जाईल.

चाळीसगाव_जंक्शन
आणि एजंटाकडून ती झेरॉक्स परत मागा. नाही म्हणाला तर पुढचे दोन महिने दर पंधरवड्याला अहवाल बघत राहा, तुम्ही बघितल्यानं काही कापलं जात नाही.